घरात चौघांची दातदुखी, गोळी मात्र एकच

प्रश्न : मी ४६ वर्षांची, सांगोला तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. मधुमेहाची गोळी चालू आहे. दीड-दोन महिन्यांपूर्वी खाली उजव्या बाजूला गार पाणी लागलं की सणक जायची. पुढे गरम चहाही सोसेना. रात्री आडवं झालं की ठणका सुरू व्हायचा, तो पार कानापर्यंत. नेमकी कोणती दाढ, तेही सांगता येत नव्हतं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि काही दिवसांत ठणका गेला. आता गार-गरम काहीच लागत नाही, पण भाकरी चावली की एकच दाढ दुखते आणि ती वर आल्यासारखी वाटते. हे हिरडीचं असेल की सायनसचं? दाढ काढूनच टाकू का? शेजारच्या बाई म्हणतात, दाढ काढली की नजर कमी होते. त्याच गोळ्या घरात सगळे घेतात. यजमानांचे (वय ५४, बीपी आहे, तंबाखू खातात) बरेच दात गार पाण्याने शिवशिवतात. मुलाची (वय २०) मागची हिरडी सुजून तोंड नीट उघडत नाही. सासूबाईंना (वय ७१) डाव्या गालात झटके येतात. दोन दाढा काढल्या तरी झटके तसेच आहेत. आधी कोणाला डॉक्टरकडे नेऊ?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुलाला आधी न्या, आणि शक्य असेल तर आजच न्या. तुमचं स्वतःचं या आठवड्यात दाखवा. सासूबाईंनाही फार थांबवू नका, पण त्यांना दातांच्या डॉक्टरपेक्षा दुसऱ्या डॉक्टरची गरज असण्याची शक्यता जास्त आहे. यजमानांची घाई नाही, तरी त्यांचं तोंड एकदा नीट तपासून घ्यायला हवं. पत्रावरून मी निदान करू शकत नाही. पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलं आहे की कोणाचं दुखणं कोणत्या वाटेचं आहे, हे बऱ्यापैकी दिसतं.

मुलाचं वय अक्कलदाढेचं आहे. ती साधारण १७ ते २५ या वयात येते. खालच्या जबड्यात मागे तिला पुरेशी जागा नसली की ती अर्धीच वर येते आणि उरलेल्या भागावर हिरडीची झालर राहते. त्या झालरीखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि वरची दाढ नेमकी त्या सुजेवर चावत राहते. हे दुखणं हिरडीचं असल्यामुळे गार-गरमाची तक्रार नसते. गिळताना घसा दुखतो, तोंडाला वास येतो, जबडा आखडतो. मला काळजी वाटते ती या आखडण्याची, कारण सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचली की तोंड उघडेनासं होतं. त्याला त्याची स्वतःची बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. एरवी तीन बोटं सहज जातात. दोनही जात नसतील तर उद्यावर ढकलू नका.

आणि हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं, दाढ कोणाचीही असो : गिळता येत नाही, लाळ गळते, जिभेखाली किंवा हनुवटीखाली टणक सूज आली आहे, आवाज जड झाला आहे, श्वास घ्यायला त्रास होतो, किंवा सूज डोळ्याकडे चढते आहे, यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना उघडण्याची वाट बघायची नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जायचं. खालच्या दाढांचा पू जिभेखालच्या आणि मानेतल्या जागेत उतरू शकतो आणि सूज श्वासाची वाट दाबते. दातदुखीने माणूस दगावतो तो बहुधा असाच, आणि वेळेत गेलं तर हे टळतं.

तसं काही नसेल तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्या बाजूने दिवसातून चार-पाच वेळा खळखळून गुळण्या करू दे. बाहेरून गालाला शेक मात्र देऊ नका; पू झाला असेल तर सूज वाढू शकते. डॉक्टर झालरीखालची घाण धुऊन काढतील, जबड्याचा मोठा एक्स-रे काढतील आणि सूज उतरल्यावर दाढ ठेवायची की काढायची ते ठरवतील. जबडा आखडला असेल किंवा ताप असेल तर अँटिबायोटिकची गरज लागते, पण ती त्यांनी लिहून दिलेली, पूर्ण मुदतीची. घरात उरलेल्या पाकिटातली नको.

आता तुमच्याबद्दल. गार पाणी लागून सणक जाणं, ती लगेच थांबणं, हा दाताचा पहिला निरोप असतो. दाताचं वरचं कवच किडीने झिजलं की आतल्या मऊ थरातल्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि गार-गोड आतल्या नसेपर्यंत जाणवतं. इथे कसोटी एकच आहे, ती कोणालाही घरी लावता येते : गार पाणी तोंडातून गेल्यावर कळ किती वेळ टिकते? दोन-चार सेकंदांत विरली तर नस अजून सावरू शकते आणि कीड काढून सिमेंट भरलं की काम भागतं. अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळली तर नसेची सूज पुढे गेली आहे. तुम्ही पहिल्या सणकेला दाखवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं, हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. तुमचा मुलगा, तुमचे विद्यार्थी, हे वाचणारं कोणीही आज त्या पहिल्या पायरीवर असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पुढची पायरी तुम्ही तंतोतंत वर्णन केली आहे. गरम सोसेना, रात्री आडवं झालं की ठणका, आणि दाढ ओळखता येईना. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला फुगायला जागा मिळते. दाताची नस चारही बाजूंनी कडक भिंतींत कोंडलेली असते, त्यामुळे सूज आली की दाब आतच वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका सुरू होतो. उशी उंच घेतली की थोडं बरं वाटतं ते त्यामुळेच. या अवस्थेत काही जण गार पाण्याची बाटली घेऊनच दवाखान्यात येतात, कारण फक्त गार घोट तोंडात धरला की कळ दबते. गरमाने वाढणारं आणि गाराने थांबणारं दुखणं म्हणजे नस आता परत सावरणार नाही, असं समजावं.

दाढ न ओळखता येण्यात तुमची चूक नव्हती. दाताच्या नसेला नुसती वेदना कळते, जागा कळत नाही. खालच्या दाढेची कळ कानात, वरच्या दाढेची कानशिलात जाते. कधी खालचं दुखणं वर जाणवतं. उजवीकडचं डावीकडे मात्र सहसा जात नाही. जागा ओळखण्याची शक्ती असते ती मुळाभोवतीच्या धाग्यांना, ज्यांच्या आधाराने दात हाडात बसलेला असतो. म्हणून आता तुम्ही लिहिलेली शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गार-गरम लागेनासं झालं आणि त्याच सुमारास एका ठरावीक दाढेवर बोट ठेवता यायला लागलं, ती चावताना दुखते, वर आल्यासारखी वाटते. याचा बहुधा अर्थ असा की नस मेली आहे आणि जंतू मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरले आहेत. तिथली सूज दाढेला किंचित वर ढकलते.

ठणका गेला तो गोळीने दाढ बरी झाली म्हणून नव्हे. दुखणं सांगणारी नसच उरली नाही. मधल्या या शांत दिवसांत अनेक जण दवाखान्याचा बेत रद्द करतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी गाल सुजून येतात. हिरडीवर मुळाच्या जवळ छोटी पुटकुळी येऊन त्यातून खारट-कडवट पाणी झिरपायला लागलं तर दुखणं आणखीच कमी होतं, पण आत हाड झिजत राहतं. तुम्हाला मधुमेह आहे, त्यामुळे थांबण्याची सोय नाही. साखर वाढलेली असेल तर जंतुसंसर्ग पसरतो आणि संसर्ग असेपर्यंत साखर आटोक्यात येत नाही.

अँटिबायोटिक का पुरत नाही, हेही सांगते, कारण आपल्याकडे मेडिकलमध्ये ‘दात दुखतो’ म्हटलं की दोन प्रकारच्या गोळ्या हातात पडतात. औषध रक्तातून जातं. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसं? आणि नस नुसती सुजलेली असते तेव्हा ठणका सुजेचा असतो, अँटिबायोटिकने तो कमी होत नाही. गाल सुजला, ताप आला, संसर्ग पसरू लागला तर ती लागते. पण तेव्हाही दाताच्या आतली घाण काढणं हाच इलाज राहतो.

तुमच्या दोन शंका. सायनसचं दुखणं वरच्या दाढांत येतं, कारण वरच्या मागच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या सायनसच्या तळाला लागून असतात. त्यात एक नाही, ओळीने तीन-चार दाढा जड वाटतात, खाली वाकलं किंवा जिना उतरला की वाढतं, आणि आधी सर्दी झालेली असते. तुमचं दुखणं खालचं आहे, तेव्हा तो विचार सोडा. हिरडीचं असण्याची शक्यता थोडी आहे. दोन दाढांच्या फटीत शेंगाचटणीचा कण किंवा मांसाचा धागा रोज अडकत असेल तर तिथली हिरडी ठसठसते, जेवणानंतर वाढते, फट साफ केली की हलकी होते. पण रात्री जागं करणाऱ्या ठणक्याचा इतिहास तिला नसतो.

तिसरी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या भागात ती बघायलाच हवी. तुमच्याकडे कडक भाकरी खाल्ली जाते. सुपारी, टणक शेंगदाणे, हाडं चावायची सवयही असते. दाढेला बारीक चीर गेली तर ठरावीक ठिकाणी चावताना, आणि विशेषतः चावून दाब सोडताना, सुईसारखी कळ येते. बाकी वेळी दाढ चांगली असते. एक्स-रेत ती चीर बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून रुग्णाला ‘काहीच नाही’ असं सांगितलं जाऊ शकतं. तुमची कळ दाबताना येते की सोडताना, हे घरी पोळीच्या तुकड्यावर एकदा बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. या एका माहितीने त्यांचा बराच वेळ वाचतो.

दाढ काढायची की रूट कॅनाल करायचं? हिरडीच्या वर दाढेची पुरेशी भिंत शिल्लक असेल आणि मुळाभोवतीचं हाड धड असेल तर मी वाचवण्याच्या बाजूची आहे. खालची दाढ काढून जागा रिकामी ठेवली की शेजारची दाढ त्या फटीत कलते, समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते, अन्न अडकू लागतं आणि चावण्याचं काम दुसऱ्या बाजूवर पडतं. रूट कॅनालमध्ये भूल देऊन दाढेतली मेलेली नस काढतात, नळ्या धुऊन भरतात. एक ते तीन खेपा लागतात. नंतर कॅप बसवणं टाळू नका. नस काढलेली, पोखरलेली दाढ कॅपशिवाय भाकरी चावताना फुटते आणि सगळा खर्च वाया जातो. दाढ हिरडीच्या आतपर्यंत फुटलेली असेल, किंवा खर्च आणि खेपा परवडतच नसतील, तर काढून टाकणं हा रास्त इलाज आहे, त्यात कमीपणा नाही. किडकी दाढ तशीच ठेवून वर्षानुवर्षं गोळ्या खाणं, हा पर्याय मात्र मी कोणालाच देणार नाही. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार करा. सांगली, कराड, पुणे इथे ती आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी होतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

नजर कमी होण्याची भीती मनातून काढून टाका. डोळ्यांनी दिसतं त्याची नस मेंदूतून थेट डोळ्याच्या मागे येते. दातांची संवेदना नेणारी नस पूर्ण वेगळी आहे. तिच्या तीन फांद्या : एक कपाळाकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. दाढ काढताना त्या दाढेपुरता बारीक धागा तुटतो, दृष्टीचा त्याच्याशी संबंध येत नाही. लोकांची दाढ काढण्याचं आणि चष्मा लागण्याचं वय साधारण एकच असतं, त्यातून ही समजूत पसरली असावी.

ही तीन फांद्यांची नस मुद्दाम सांगितली, कारण सासूबाईंचं दुखणं कदाचित थेट तिचंच आहे. तुम्ही पत्रात त्यांच्यासाठी दोनच ओळी खर्च केल्या, पण मला सगळ्यांत जास्त कळवळा त्यांचा आला. त्यांना जवळ बसवून विचारा. झटका वीज चमकल्यासारखा येऊन काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत जातो का? तोंड धुताना, दात घासताना, बोलताना, पहिला घास चावताना, गालावर वारा लागला तरी येतो का? दोन झटक्यांच्या मध्ये काहीच दुखत नाही का? रात्री झोप लागली की सहसा त्रास नसतो का? गालाच्या एका ठरावीक जागेला हात लावू देत नाहीत का? उत्तरं ‘हो’ असतील तर हे त्या नसेचं दुखणं (डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात) असण्याची शक्यता मोठी आहे. ते बहुतेक पन्नाशीनंतर होतं, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला. बऱ्याचदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर टेकलेली असते.

झटके दाढेतच जाणवतात, म्हणून माणूस स्वतःच ‘ही दाढ काढा’ असा हट्ट धरतो. एक काढली की झटका शेजारच्या दाढेत जाणवतो, मग तीही जाते. त्यांची आता तिसरी दाढ काढू देऊ नका. त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे न्या; जवळ नसेल तर आधी एमडी डॉक्टरांकडे. मेंदूचा एमआरआय करून कारण बघतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी हे थांबत नाही. यासाठी कार्बामाझेपिन नावाचं औषध बहुतेक वेळा गुण देतं. ते कमी मात्रेपासून हळूहळू वाढवावं लागतं, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि या वयात चक्कर, झोप येऊन तोल जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ते कधीही स्वतःहून आणायचं नाही. औषध पुरलं नाही तर त्यापुढेही उपाय आहेत. हे दुखणं भोगणारी माणसं जेवण कमी करतात, बोलणं टाकतात, आणि घरच्यांना वाटतं की म्हातारपणाचा हट्ट आहे. त्यांना नुसतं एवढं सांगा की तुमच्या दुखण्याला नाव आहे आणि औषध आहे.

यजमानांचं सोपं आहे. एक दात शिवशिवला तर कीड किंवा चीर शोधायची. अनेक दात एकदम शिवशिवले तर हिरड्या खाली सरकून दातांच्या माना उघड्या पडलेल्या असतात. खरखरीत मंजन किंवा मिश्री, कडक ब्रश, आडवं रगडणं, तंबाखू, यांचा तो परिणाम. मऊ ब्रश आणि सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दोन्ही वेळा वापरायची, पेस्ट थुंकल्यावर लगेच भरपूर चूळ भरायची नाही. फरक पडायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना मात्र गालाच्या आत आणि तंबाखू ठेवतात त्या जागी पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते बघायला सांगा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दुखत नसली तरी दाखवायलाच हवी. बीपी आणि तंबाखू दोन्ही आहे म्हणून आणखी एक : चालताना, चढ चढताना खालचा जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो, असं झालं तर दाताचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हृदयाची तपासणी करा. सोबत घाम, छातीत दाब, धाप असेल तर लगेच १०८.

आता त्या गोळ्या. पाकिटावर काय लिहिलं आहे ते बघा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक यांपैकी असेल तर यजमानांचं बीपी त्याने वाढू शकतं, आणि मधुमेहात, म्हातारपणात मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने तर ती घेऊच नये. तात्पुरतं थांबवण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांनी चालते, यकृताचा आजार नसेल तर. लवंगतेल कापसाच्या बोळ्यावर थेंबभर लावून किडीच्या खड्ड्यात धरलं तर सणक बधिर होते, पण हिरडीला लागलं तर भाजतं. अस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवू नका, गाल आतून पोळतो.

तुमच्या भेटीच्या दिवशी नाश्ता करा, मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घ्या आणि शक्यतो सकाळची वेळ मागा. शेवटचा साखरेचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. सोसवत असेल तर आधी चार-सहा तास वेदनाशामक घेऊ नका, कारण डॉक्टर दाढेला गार लावून, हलकेच ठोकून बघतील आणि गोळीने ती उत्तरं झाकली जातात. शेजारच्या चांगल्या दाढेवरही तीच तपासणी करायला सांगा, म्हणजे तुलना होते. मुळाच्या टोकापर्यंत दिसेल असा छोटा एक्स-रे निघाला की काढायची की वाचवायची, हे दोघांना मिळून ठरवता येईल.